मायभूमीच्या निसर्गाची पुनर्ओळख : राजधानी परिसराचा धडा

(विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



परदेशात दीर्घकाळ राहून मायदेशी परतणाऱ्या अनेक भारतीयांचे पहिले पाऊल दिल्लीच्या विमानतळावर पडते. नोव्हेंबर असेल तर धुरकट हवा आणि मे असेल तर अंग भाजणारी ‘लू’ त्यांचे स्वागत करते. मनात लंडनची उद्याने किंवा आल्प्सच्या उतारांवरील कुरणे ताजी असतात. साहजिकच तुलना सुरू होते आणि त्या तुलनेत दिल्ली हरते. ‘येथे निसर्ग उरलाच कोठे?’ हा प्रश्न मग सहज ओठांवर येतो.

वस्तुस्थिती निराळी आहे. जगातील अतिप्राचीन पर्वतरांगांपैकी एक असलेली अरवली गुजरातपासून राजस्थान व हरियाणा ओलांडत दिल्लीत येऊन संपते. तिच्या या टोकाला दिल्लीकर ‘रिज’ म्हणतात आणि तिचे क्षेत्र सुमारे ७,७७७ हेक्टर आहे. पूर्वेला यमुना आणि तिचे पूरमैदान आहे. दिल्ली व तिच्या परिसरात चारशेहून अधिक पक्षिजातींची नोंद झालेली आहे. पुराना किल्ल्याला लागून असलेल्या प्राणिसंग्रहालयाच्या तळ्यांवर दरवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस मुक्त चित्रबलाक स्वतःहून येतात, झाडांवर घरटी बांधतात आणि पिल्ले वाढवतात. त्यांना कोणी पिंजऱ्यात ठेवलेले नाही. तिकीट काढून वाघ पाहण्यास आलेल्या अनेकांना मात्र डोक्यावरची ही वसाहत दिसत नाही.

म्हणजे उणीव निसर्गाची नसून ओळखीची आहे. केवळ मायदेशी परतल्याने ही ओळख होते काय? की त्यासाठी आणखी काही लागते? गेल्या शतकातील काही परतलेल्या व्यक्तींच्या आयुष्यातून आणि राजधानी परिसराच्या अनुभवातून या प्रश्नाचे उत्तर शोधता येते.

पश्चिमेच्या वाटेने स्वदेशाकडे

पंडित जवाहरलाल नेहरू १९०५मध्ये शिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि १९१२मध्ये परतले. ‘भारताचा शोध’ हा ग्रंथ त्यांनी १९४४मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवासात असताना लिहिला. आपण काही अंशी पश्चिमेच्या वाटेने भारताकडे आलो आणि एखाद्या स्नेहशील पाश्चात्त्याने पाहावे तसे त्याच्याकडे पाहिले, अशी प्रांजळ नोंद त्यांनी त्यात केली आहे. याच बंदिवासात किल्ल्यातील खडकाळ जमीन खणून त्यांनी बाग फुलवण्याचा प्रयत्न केला. त्यापूर्वीच्या आत्मचरित्रात तर तुरुंगातील प्राण्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. सार्वजनिक जीवनाच्या धावपळीत जे न्याहाळता आले नव्हते, ते कोठडीच्या सक्तीच्या निवांतपणाने दाखवले.

त्यांच्या कन्या इंदिरा गांधी यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. स्वित्झर्लंड आणि इंग्लंड येथे शिक्षण घेऊन त्या १९४१मध्ये भारतात परतल्या. बहुतेक भारतीयांप्रमाणेच आपणही पक्ष्यांना गृहीत धरत होतो, परंतु वडिलांनी डेहराडूनच्या तुरुंगातून पक्ष्यांवरील एक पुस्तक पाठवले आणि एक नवे जग खुले झाले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. ते पुस्तक होते सालिम अली यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीने ते १९४१मध्ये, म्हणजे त्यांच्या परतण्याच्याच वर्षी, प्रकाशित केले होते.

येथे एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. इंदिराजींना पक्षी दिसत नव्हते असे नाही. अलाहाबादच्या आनंदभवनाच्या बागेतही पक्षी होतेच. परंतु त्यांना नावे नव्हती, आणि ज्याला नाव नाही त्याकडे नजर असूनही लक्ष जात नाही. पुस्तकाने पक्षी निर्माण केले नाहीत, त्यांची ओळख करून दिली.

बर्लिनहून किहीमला

हे पुस्तक लिहिणारे सालिम अली हेदेखील परतलेलेच होते. १८९६मध्ये मुंबईत जन्मलेल्या सालिम अलींनी तारुण्यातील काही वर्षे ब्रह्मदेशात, कुटुंबाच्या व्यवसायानिमित्त, काढली. पुढे मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात ते मार्गदर्शक व्याख्याते म्हणून काम करू लागले. १९२८मध्ये रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात एर्विन श्ट्रेसेमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी पद्धतशीर अभ्यासाचे शिक्षण घेतले. हेलिगोलँड बेटावरील वेधशाळेत पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांच्या स्थलांतराचा माग काढण्याचे तंत्र त्यांनी पाहिले.

१९३०मध्ये ते परतले, तेव्हा निधीअभावी त्यांचे पद रद्द झालेले होते. नोकरी नसलेला हा संशोधक पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिला. तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचे निरीक्षण सुरू केले. सुगरणीचा लोंबता खोपा कोकणातील प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो. तो नर विणतो, मादी अर्धवट विणलेल्या खोप्याची पाहणी करून तो पसंत करते, आणि तिने संसार मांडताच नर दुसरा खोपा विणून दुसऱ्या मादीला आकर्षित करतो, हा क्रम मात्र सालिम अलींच्या चिकाटीच्या निरीक्षणातून शास्त्रीय जगापुढे आला.

परदेशाने सालिम अलींना पद्धत दिली, विषय मात्र घरच्या झाडावर टांगलेला होता. बर्लिनमध्येच राहिले असते तर ते संग्रहालयातील पेंढा भरलेल्या नमुन्यांचे जाणकार झाले असते. किहीम सोडून कोठेच गेले नसते तर त्या खोप्याकडे शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहण्याची शिस्त त्यांना कदाचित मिळाली नसती. पुनर्ओळखीला या दोन्ही गोष्टी लागतात.

छंदाकडून संरक्षणाकडे

व्यक्तीची ओळख समाजाच्या उपयोगी पडायची, तर तिला संस्थेचे रूप यावे लागते. दिल्लीत हे १९५०मध्ये घडले. महात्मा गांधींचे इंग्रज स्नेही होरेस अलेक्झांडर आणि भारतीय लष्करातील अभियंता अधिकारी हॅरॉल्ड विल्यम्स यांच्या पुढाकाराने ‘दिल्ली बर्ड वॉचिंग सोसायटी’ स्थापन झाली. इंदिरा गांधी तिच्या संस्थापक सदस्यांपैकी होत्या. सभासद पहाटे यमुनाकाठी, रिजवर आणि आसपासच्या झिलांवर जात आणि नोंदी ठेवत. या परंपरेतूनच उषा गांगुली यांचे दिल्ली परिसरातील पक्ष्यांवरील मार्गदर्शक पुस्तक सिद्ध झाले. भारतीय कृषी संशोधन परिषदेने ते १९७५मध्ये प्रकाशित केले.

या नोंदींचे मोल सुलतानपूरच्या उदाहरणावरून कळते. दिल्लीपासून सुमारे ५० किलोमीटरवर, आजच्या गुरुग्राम जिल्ह्यात, पावसाळ्यानंतर पाणी साचणारी ही झील पक्षिनिरीक्षकांना परिचित होती. सोसायटीचे सचिव, पत्रकार पीटर जॅक्सन यांनी तिच्या संरक्षणासाठी पंतप्रधान इंदिरा गांधींना पत्र लिहिले. १९७०च्या दशकाच्या आरंभी तेथे पक्षी आश्रयस्थान जाहीर झाले, पुढे त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०२१मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत त्याचा समावेश झाला. क्षेत्र अवघे १.४३ चौरस किलोमीटर. तुरुंगातून आलेले एक पुस्तक, हौशी निरीक्षकांची एक संस्था आणि एक पत्र यांच्या साखळीतून ही जागा वाचली. महसुली कागदावर जिची ओळख साचलेले पाणी एवढीच झाली असती, तिला पक्ष्यांच्या नावांनी मोल मिळवून दिले.

जाणकार नजरेची मर्यादा

आतापर्यंतचे विवेचन ऐकून असे वाटेल, की शास्त्रशुद्ध नजर मिळाली म्हणजे काम झाले. राजस्थानातील भरतपूरचा अनुभव या समजुतीला सावध करतो. भरतपूर जिल्हाही राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचाच भाग आहे. तेथील केवलादेव घना हे पाणथळ क्षेत्र शेतीखाली जाण्यापासून वाचवण्यात सालिम अलींचा मोठा वाटा होता. हेलिगोलँडला पाहिलेले कडी अडकवण्याचे तंत्र येथे हजारो स्थलांतरित पक्ष्यांसाठी वापरले गेले आणि मध्य आशिया व सैबेरियाशी या तळ्यांचे असलेले नाते पुराव्यानिशी सिद्ध झाले. १९८१मध्ये ते रामसर यादीत आले आणि १९८५मध्ये जागतिक वारसा स्थळ ठरले.

याच काळात, १९८२मध्ये, राष्ट्रीय उद्यानाच्या नियमांनुसार तेथे गुरे चारण्यास बंदी घालण्यात आली. गुरांमुळे पक्ष्यांच्या अधिवासाची हानी होते, असे संवर्धकांचे मत होते. पिढ्यान्‌पिढ्या तेथे म्हशी चारणाऱ्या ग्रामस्थांनी विरोध केला. संघर्षात पोलिसांच्या गोळीबारात काही ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. त्यानंतर जे घडले ते अनपेक्षित होते. म्हशी नाहीशा झाल्यावर पास्पालम जातीचे गवत बेसुमार वाढले आणि त्याने उघडे पाणी झाकून टाकले. अनेक पाणपक्ष्यांना पोहण्यास व अन्न शोधण्यास जागा उरली नाही. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीनेच केलेल्या सुमारे दशकभराच्या अभ्यासातून निष्कर्ष निघाला, की म्हशींचे चरणे हा या परिसंस्थेच्या समतोलाचा एक घटक होता.

पक्ष्यांची नावे संवर्धकांना ठाऊक होती. म्हैस त्या तळ्यासाठी काय करते हे गुराख्याला ठाऊक होते. या दोन ज्ञानांची भेट आधी झाली असती, तर माणसांचे प्राण आणि तळ्याचे आरोग्य दोन्ही राखता आले असते. बाहेरून आलेल्या किंवा बाहेरून परतलेल्या नजरेला ताजेपणा असतो, पण स्मृती नसते. स्मृती तेथेच राहिलेल्या माणसांजवळ असते. याबरोबरच संस्थेने स्वतःच्या अभ्यासातून प्रचलित मताविरुद्धचा निष्कर्ष मांडला, हीही विज्ञानाची जमेची बाजू म्हणून नोंदवली पाहिजे.

देशी कोण, परके कोण?

पक्ष्यांकडून वृक्षांकडे वळल्यास प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण दिल्लीची हिरवाई बरीचशी मानवनिर्मित आहे. ऑक्सफर्डमध्ये शिकून परतलेले, प्रथम इतिहासाचे अध्यापक व नंतर चित्रपट दिग्दर्शक झालेले प्रदीप कृष्ण उत्तर आयुष्यात वृक्षांकडे वळले. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रीज ऑफ डेल्ही’ या त्यांच्या पुस्तकाने सुमारे अडीचशे वृक्षजातींची सचित्र ओळख सामान्य वाचकाला करून दिली.

नव्या दिल्लीच्या रचनाकारांना रस्त्यांच्या कडेला शक्यतो वर्षभर हिरवी राहणारी झाडे हवी होती. म्हणून जांभूळ, अर्जुन, कडुनिंब, चिंच यांच्या रांगा उभ्या राहिल्या. जांभूळ आणि अर्जुन ही नदीनाल्यांच्या काठची झाडे. भारतीय असूनही कोरड्या, खडकाळ रिजची ती मूळ रहिवासी नव्हेत. रिजवर तर विसाव्या शतकात अमेरिका खंडातून आणलेली विलायती कीकर फोफावली. महाराष्ट्रात तिलाच वेडी बाभूळ म्हणतात. ती झपाट्याने पसरते आणि तिच्या दाटीत स्थानिक रोपांना उभे राहणे कठीण जाते. परतलेल्या माणसाला रिज हिरवी दिसते, पण त्या हिरवाईत मूळची अरवली फारच थोडी असते.

याचा अर्थ परदेशी मूळ असलेले प्रत्येक झाड घातक असा मात्र नाही. चिंचेचे मूळ आफ्रिकेत मानले जाते, तरी तिच्यावाचून भारतीय स्वयंपाकघराची कल्पना करवत नाही. कसोटी जन्मस्थानाची नसून वर्तनाची आहे. जी जात इतरांना जगू देत नाही तिलाच ‘आक्रमक परकी जात’ म्हणतात. स्पर्धा परीक्षेच्या दृष्टीनेही हा भेद स्पष्ट असणे इष्ट आहे.

ऋतूंचेही असेच आहे. युरोपात पानगळ शरदात होते आणि त्यानंतर हिवाळ्याची नग्न झाडे महिनोन्‌महिने उभी असतात. दिल्लीत कडुनिंब आणि पिंपळ फाल्गुन-चैत्राच्या सुमारास पाने गाळतात आणि अल्पावधीतच तांबूस कोवळ्या पालवीने भरून जातात. सावर निष्पर्ण फांद्यांवर लाल फुले मिरवते आणि उन्हाळा ऐन भरात असताना बहावा पिवळ्या घोसांनी लहडतो. युरोपीय दिनदर्शिका मनात ठेवून पाहणाऱ्यास हा सारा गोंधळ वाटतो. येथील दिनदर्शिकेने पाहिले की त्यातील क्रम कळतो.

हरवलेल्या अरवलीचा शोध

मूळची अरवली कशी होती, हे पाहावयाचे तर फरीदाबाद जिल्ह्यातील मांगर गावची ‘बनी’ पाहावी. गुदडिया दास बाबांच्या श्रद्धेपोटी ग्रामस्थांनी या देवराईत कुऱ्हाड चालू दिली नाही. येथे धौ या वृक्षाचे दाट वन आहे. धौ हा महाराष्ट्रातील धावड्याचा सगोत्र. गुरांनी सतत खुडल्यास तो जमिनीलगत पसरून राहतो आणि संरक्षण मिळताच सरळ उंच वाढतो. मांगरच्या भोवतीच्या उघड्या टेकड्यांवर आणि बनीच्या आत त्याची ही दोन्ही रूपे पाहता येतात.

देवराईचे शास्त्रीय मोल जाणणाऱ्यांत एक परतलेले मराठी संशोधक अग्रणी होते. हार्वर्ड विद्यापीठात संशोधन व अध्यापन करून माधव गाडगीळ १९७१मध्ये भारतात परतले आणि पुण्यात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्यासमवेत त्यांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला. गणिती पर्यावरणशास्त्राचे प्रशिक्षण घेतलेल्या या संशोधकाने गावकऱ्यांना ज्ञानाचे भागीदार मानले. जैविक विविधता अधिनियम, २००२ मधील स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकांनी तयार करावयाच्या जैवविविधता नोंदवह्या यांच्यामागे हीच दृष्टी आहे. भरतपूरच्या अनुभवातून जो प्रश्न उभा राहतो, त्याला मिळालेले हे एक संस्थात्मक उत्तर होय.

जेथे मूळ वन उरलेले नाही, तेथे पुनर्निर्मितीचे प्रयत्न झाले. प्रा. सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली दिल्ली विकास प्राधिकरण आणि दिल्ली विद्यापीठ यांनी वजीराबादजवळ यमुना जैवविविधता उद्यान उभारले. तेथे पूरमैदानातील पाणथळ जागा व वनस्पतिसमूह पुन्हा घडवण्यात आले. गुरुग्राममध्ये नागरिकांच्या पुढाकाराने २०१०पासून जुन्या खाणींच्या जमिनीवर धौ, सालई, पळस अशा स्थानिक वृक्षांची लागवड झाली. हे अरवली जैवविविधता उद्यान २०२२मध्ये, संरक्षित वनक्षेत्राबाहेर असूनही संवर्धन साधणारे देशातील पहिले क्षेत्र म्हणून मान्यता पावले. दक्षिण दिल्लीतील असोला भट्टी अभयारण्यातही एके काळी खाणी होत्या. आज तेथे बिबट्याचा वावर कॅमेऱ्यांनी टिपला आहे.

नाव आणि न्याय

ओळख हा केवळ रसिकतेचा विषय नाही, हे अलीकडच्या घटनांनीही दाखवून दिले आहे. १९९६मध्ये गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ या शब्दाचा शब्दकोशातील अर्थ ग्राह्य धरला आणि नोंदीत नसलेल्या अनेक वनांना संरक्षण मिळण्याचा मार्ग खुला झाला. नोव्हेंबर २०२५मध्ये अरवलीची टेकडी कशाला म्हणावे याविषयी उंचीवर आधारित, १०० मीटरची व्याख्या न्यायालयासमोर मान्य झाली. कमी उंचीच्या टेकड्या संरक्षणाबाहेर पडतील, या चिंतेने व्यापक चर्चा झाली आणि डिसेंबरमध्ये न्यायालयाने स्वतःच्या त्या आदेशाची अंमलबजावणी स्थगित ठेवली. ‘वन’ किंवा ‘टेकडी’ या एका शब्दाच्या अर्थावर हजारो हेक्टर भूमीचे भवितव्य अवलंबून असते. ज्याला नाव नाही, त्याचे रक्षण कायद्यालाही करता येत नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४८-अ ने पर्यावरणाच्या संरक्षणाची व संवर्धनाची जबाबदारी राज्यावर टाकली आहे, तर ५१-अ (छ) ने नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. ही दोन्ही कलमे १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने आली. परीक्षेत त्यांचे क्रमांक विचारले जातात. परंतु जी वनस्पती, जो पक्षी, जे तळे ओळखता येत नाही, त्याविषयीचे कर्तव्य कोणी कसे बजावावे, हा प्रश्न परीक्षेनंतर सुरू होतो.

मित्रहो, येथे बसलेल्यांपैकी काही जण उच्च शिक्षणासाठी परदेशी जातील, काही जण परीक्षा उत्तीर्ण होऊन स्वतःच्या गावापासून शेकडो मैल दूरच्या जिल्ह्यात प्रशासक म्हणून रुजू होतील. दोघांच्याही वाट्याला अनोळखी दृष्टी आणि अनोळखी भूमी येणार आहे. सालिम अलींची निरीक्षणाची शिस्त त्यांनी जरूर सोबत न्यावी, आणि भरतपूरच्या म्हशीही विसरू नयेत. नव्या जागी गेल्यावर दहा झाडांची आणि दहा पक्ष्यांची स्थानिक नावे तेथील गुराख्याकडून, माळ्याकडून, मच्छीमाराकडून विचारून घ्यावीत, वहीत लिहावीत आणि मगच त्या जमिनीच्या फायलीवर शेरा मारावा.